टिळकांची पेन्सिल आणि मत्तयाचे तीन अध्याय

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड अशी ठाणी घेत माडगीजवळ वैनगंगा ओलांडते आणि तिरोडा, गोंदिया, आमगाव करीत डोंगरगड-राजनांदगावच्या दिशेने जाते. आमच्याकडचे कितीतरी विद्यार्थी याच मार्गाने रोज ये-जा करतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकवताना मी त्यांना आवर्जून सांगतो, की १८९३च्या सुमारास रेव्हरंड टिळक (तेव्हा ते रेव्हरंड नव्हते) ह्याच लोहमार्गाने नागपूरहून राजनांदगावला चालले होते आणि त्या प्रवासातच त्यांच्या हाती बायबल पडले. त्या काळी गोंदियाचा मुलूखही भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे त्या प्रवासाचा मोठा टप्पा आपल्या जिल्ह्याच्या भूमीवरून गेलेला आहे. मुले क्षणभर खिडकीबाहेर पाहिल्यासारखी पाहतात, आणि मग कोणीतरी हटकून विचारते : ‘सर, पण त्यांनी ते वाचले कसे?’

‘का’ वाचले, धर्मांतर ‘का’ केले, ह्यावर शंभर वर्षे वाद झाला आहे. ‘कसे वाचले’ हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला खरे तर तोच अधिक जवळचा वाटावा. बायबलमधले एखादे वचन घेऊन त्याच्या खोलात कसे शिरायचे, हे नव्याने वाचू लागणाऱ्याला सांगायचे झाले तर टिळकांच्या त्या वाचनाइतका चांगला दाखला मराठीत दुसरा आढळत नाही.

हकीकत थोडक्यात अशी. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले नारायण वामन टिळक नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. कीर्तन, प्रवचन, शीघ्रकवित्व, शिक्षकी असे नाना उद्योग करीत ते नागपूरला आले. तिथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले आणि पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले. गाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ होता. त्याने सरकून जागा दिली, सौजन्याने बोलला. बोलणे निघाले संस्कृत काव्यावरून. उतरण्यापूर्वी त्याने पुस्तक हातात ठेवले आणि ‘दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल’ अशा अर्थाचे भाकीत केले. हे गृहस्थ अर्नेस्ट वॉर्ड नावाचे अमेरिकन मिशनरी असावेत, असे पुढच्या अभ्यासकांचे अनुमान आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

भाकीत खरे ठरले, हा ह्या कथेतला चमत्कार. सांगणाऱ्याला तोच आवडतो. मला महत्त्वाची वाटते ती हातातली पेन्सिल. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या टिळकचरित्रात त्यांची स्वतःची जी साक्ष आहे, तीत ते सांगतात, की नेहमीच्या सवयीप्रमाणे पेन्सिल घेऊन, लक्षात ठेवण्याजोग्या जागांवर खुणा करीत पुस्तक संपवायचे, असे त्यांनी ठरवले होते. डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले आणि तिथून त्यांना पुढे हलवेना. हिंदू तत्त्वज्ञानातल्या अत्यंत बिकट प्रश्नांची उत्तरे त्या तीन अध्यायांत मिळाली, असेही ते म्हणतात. हा दावा कोणाला मान्य होईल, कोणाला होणार नाही. पण वाचनाची रीत नीट पाहावी. खुणा करणे म्हणजे वेचे काढणे. हे वाक्य चांगले, ते घ्यावे, मधले सोडावे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी आल्यावर हे वेचणेच जमेनासे झाले. काय सोडावे हेच कळेना. वचनांचा वाचक अध्यायांचा वाचक झाला तो असा.

इथे ‘वचन’ ह्या शब्दाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. बायबलमधल्या क्रमांक दिलेल्या छोट्या खंडाला आपण मराठीत वचन म्हणतो. वचन म्हणजे बोलणे. वचन म्हणजे दिलेला शब्द. आणि संतवचन, सुवचन म्हणताना तेच सुभाषिताच्या पंक्तीला जाऊन बसते. ओवी, अभंगाचे चरण, श्लोक ह्यांवर पोसलेल्या मराठी मनाला असा सुटा तुकडा स्वयंपूर्ण वाटणे साहजिक आहे, कारण ओवी बहुधा स्वयंपूर्ण असतेच. शुभवर्तमानातले वचन तसे नाही. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन यांनी केली असे मानतात, आणि नव्या करारातले आजचे वचनक्रमांक रॉबेर एस्तिएन ह्या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. पॅरिसहून लियाँला जाताना प्रवासात त्याने हे काम केले, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे. त्यावरून पुढे लोकांनी थट्टा केली, की घोडा जिथे अडखळला तिथे वचन तुटले! थट्टा सोडून दिली तरी एवढे खरे, की क्रमांक हे छापणाऱ्याच्या सोयीचे आहेत, लिहिणाऱ्याच्या मनातले नाहीत.

म्हणून नवशिक्याने पहिल्यांदा आकडे विसरावेत. मत्तयाचे पाच, सहा व सात हे तीन अध्याय मिळून १११ वचने होतात. सावकाश, मोठ्याने वाचली तरी अर्ध्या तासात संपतात. एका बैठकीत वाचावीत. मग कोण कोणाशी बोलतो आहे ते पाहावे. आरंभीचे धन्योद्गार तृतीय पुरुषात आहेत, ‘ते’ धन्य आहेत. अकराव्या वचनाशी सर्वनाम बदलते आणि ‘तुम्ही’ येते. दूरवरच्या कोणाविषयी चाललेले बोलणे एकाएकी समोर बसलेल्यांच्या अंगावर येते. सुट्या वचनात हा बदल दिसणे शक्यच नाही. त्याच अध्यायात पुढे सहा वेळा एक घाट येतो : पूर्वी असे सांगितलेले तुम्ही ऐकले आहे, पण मी तुम्हांला असे सांगतो. संस्कृत भाष्यपरंपरेत वाढलेल्या टिळकांना पूर्वपक्ष आणि सिद्धांत ह्यांची आठवण इथे झाली असेल, असे मला वाटते. मात्र साम्यावर फार भिस्त ठेवू नये. सतराव्या वचनात वक्ता आधीच बजावतो, की मी नियमशास्त्र मोडायला आलेलो नाही, पूर्ण करायला आलो आहे. हे वचन वगळून एकविसावे वाचणारा वाचक जुन्या शास्त्राचे खंडन चालले आहे असे समजतो, आणि फसतो. पूर्वापार संदर्भ पाहावा, हा मीमांसकांचा धडा इथेही तेवढाच लागू पडतो.

दुसरी पायरी शब्दाची. ह्या बाबतीत वर्गात घडलेला एक प्रसंग सांगतो. पाचव्या अध्यायाच्या पाचव्या वचनात सौम्य लोकांना पृथ्वीचे ‘वतन’ मिळण्याची गोष्ट आहे. मी सहज विचारले, वतन म्हणजे काय? तलावाकाठच्या एका गावातून येणारा मुलगा म्हणाला, ‘आमच्याकडे वतन नव्हते सर, मालगुजारी होती.’ उत्तर अचूक होते. देशावरचे देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण ह्यांचे वतन आणि भंडाऱ्याकडची मालगुजारी ह्या वेगळ्या व्यवस्था. इंग्रजांनी १८६०च्या दशकातल्या जमाबंदीत मालगुजारांना गावांची मालकी दिली. १९५०च्या कायद्याने ती संपली. आणि कोहळी समाजाच्या कसबातून उभ्या राहिलेल्या तलावांच्या नावात, ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणजेच ‘मामा तलाव’ ह्या नावात, ती आजही शिल्लक आहे. मुंबई-पुण्याकडे रुळलेल्या ख्रिस्ती मराठीने ‘वतन’ हा शब्द निवडला, तो वैनगंगेच्या खोऱ्यातल्या वाचकाला वेगळा ऐकू येणारच.

आता त्या शब्दाच्या मागे जावे. येशूचे हे वाक्य नवे नाही. ते सदतिसाव्या स्तोत्रातल्या अकराव्या वचनाचा पडसाद आहे. ते स्तोत्र हिब्रू वर्णमालेच्या अनुक्रमाने रचलेले आहे आणि त्याचा विषय उघडउघड जमिनीचा आहे : दुर्जन माजलेले दिसतात, पण ‘एरेत्स’ राहील ती लीन माणसांकडे. ‘एरेत्स’ म्हणजे देशही, भूमीही, पृथ्वीही. मत्तयाच्या ग्रीकमध्ये ह्याच ठिकाणी जे क्रियापद आहे, त्याच्या मुळाशी चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा ही कल्पना आहे. यहोशवाच्या पुस्तकात वंशांना भूमी अशीच चिठ्ठ्यांनी वाटली जाते. म्हणजे विकत घेतलेली नव्हे, लढून बळकावलेली नव्हे, वाट्याला आलेली भूमी. ‘वतन’ ह्या शब्दात हा हक्काचा, पिढीजात वाट्याचा अर्थ नेमका उतरतो. पण त्याच्याबरोबर दुसरेही काही येते. महार वतनाने माणसांना गावकीच्या चाकरीत कसे जखडले, हे डॉ. आंबेडकरांनी सांगितले आणि त्याविरुद्ध १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. १९५४ची लोकसभेची पोटनिवडणूक आंबेडकरांनी ह्याच भंडाऱ्यातून लढवली होती, हे आपल्या जिल्ह्याला सांगावे लागू नये. तेव्हा ‘वतन’ ऐकून एखाद्याला मान आठवेल, तर एखाद्याला बेडी. भाषांतरकाराला एकच शब्द निवडावा लागतो. अभ्यासकाने त्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. शब्दकोश हा शेवटचा मुक्काम समजू नये. कोश कळण्यापुरते कळवतो.

भाषांतरे शेजारी शेजारी ठेवून वाचणे ही तिसरी रीत, आणि मराठीत तिला मोठा वाव आहे. विल्यम केरी यांनी सेरामपूरला मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली आणि नवा करार १८११ साली मराठीत छापला. त्यांचे साहाय्यक वैजनाथ पंडित नागपूरकडचे. त्यामुळे त्या मराठीवर नागपुरी वळण आले आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांना ते चालेना. त्यांनी आपले वेगळे भाषांतर केले, १८२६ साली त्यांचा नवा करार निघाला. छापील मराठी बायबलचा आरंभ आपल्या बाजूच्या बोलीने झाला आणि पुढे प्रमाणभाषेने ती पुसली, ही गोष्ट वैदर्भीय बोलींच्या अभ्यासकांनी अजून म्हणावी तितकी मनावर घेतलेली नाही. (हेच वैजनाथ पंडित १८१६च्या ‘राघोजी भोसल्याची वंशावळी’शी निगडित आहेत. मत्तयाचा पहिला अध्याय हीही वंशावळच, आणि नवे वाचक तिथेच कंटाळून पुस्तक मिटतात! त्यांना मी सांगतो, आधी पाचवा वाचा, मग मागे या.)

केडगावच्या पंडिता रमाबाईंनी ह्याच्या पलीकडची वाट धरली. संस्कृत पुराणे मुखोद्गत असलेली ही विदुषी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि मुक्ती सदनातल्या अल्पशिक्षित बायकांना कळावे म्हणून संस्कृतप्रचुर शब्द बाजूला सारीत एकटीच्या बळावर सबंध बायबल मराठीत आणून बसली. ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येण्याआधी हे काम तिने हातावेगळे केले होते. १९२४ साली ते ग्रंथरूपाने आले. एका वचनाची सेरामपूरची, मुंबईची, रमाबाईंची आणि आजची रूपे ओळीने मांडून पाहिली, तर मूळ भाषा न येणाऱ्यालाही गाठ कुठे आहे ते कळते. जिथे चौघे चार शब्द वापरतात तिथे मूळ शब्द अवघड असतो. आपला वेळ तिथे घालवावा.

हे सगळे वर्गात सांगताना मला एक अवघडलेपण नेहमी जाणवते. आपण ज्ञानेश्वरी वाचताना विद्यार्थ्याचा धर्म विचारीत नाही. बायबलचे पुस्तक टेबलावर ठेवले की मात्र खोलीतली हवा किंचित बदलते. आणि ते निखालस अकारण आहे, असेही म्हणता येत नाही. टिळकांचे ते वाचन फुकट झालेले नव्हते. बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई आणि ते सुमारे पाच वर्षे एकमेकांपासून दूर राहिले. ‘स्मृतिचित्रे’त त्या काळाचे जे वर्णन आहे, ते वाचताना पेन्सिलीच्या त्या रेघा कोणाच्या आयुष्यावरून ओढल्या गेल्या हे समजते. पुस्तक वाचले नवऱ्याने, घर मोडले बायकोचे. टिळकांच्या वाचनाचे कौतुक करणाऱ्याने हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. मी पूर्वी ते सांगत नसे. एका विद्यार्थिनीने एकदा तोंडावर विचारले, तेव्हापासून सांगतो.

लक्ष्मीबाई पुढे १९०० साली ख्रिस्ती झाल्या, पण नवऱ्याच्या खुणांमागून नव्हे. जातिभेदाचा आपला प्रश्न त्यांनी आपल्या डोक्याने सोडवला होता. टिळकांनी १९०९च्या सुमारास ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले, ते ओवीत. वचनांचे पुस्तक त्यांना पुन्हा ओवीच्या घरी आणायचे होते. ९ मे १९१९ रोजी ते गेले तेव्हा काव्य अपुरे होते. अक्षरओळखीपलीकडे शाळा न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि अध्यायामागून अध्याय रचीत नेले. १९३८ साली ते छापून आले, तेव्हा त्याही हयात नव्हत्या.