बंब, धुराडे आणि गॅसची ज्योत

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत घर उबदार राखण्यासाठी विस्तव पेटवण्याची गरज क्वचितच पडली. येथील जाळाचा इतिहास हा मुख्यतः अन्न शिजवण्याचा, स्नानाचे पाणी तापवण्याचा आणि उसाचा रस आटवण्याचा इतिहास आहे. या तिन्ही कामांत जाळाइतकाच विचार धुराच्या वाटेचाही करावा लागला. यास ठळक अपवाद महाबळेश्वरचा. छत्रपती प्रतापसिंह यांच्या राज्यातील त्या पठारावर १८२८च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या पुढाकाराने वसाहत उभी राहिली आणि पुढे तेथील युरोपीय धाटणीच्या बंगल्यांत भिंतीतली शेगडी व छपराबाहेर काढलेले धुराडे आले. खालच्या गावांनी ही रचना उचलली नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांतील माळवदी घरांत, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांत, धूर छतात ठेवलेल्या साण्यातून, अर्थात उजेडाच्या भोकातून, वर जाई. पाटण-जावळीच्या पावसाळी पट्ट्यात तो कौलांच्या फटींतून झिरपे.

स्नानाच्या पाण्याची सोय मात्र शक्यतो घराबाहेर, परसदारी किंवा न्हाणीलगत केलेली असे. प्रारंभी तेथे तीन दगडांची चूल आणि तिच्यावर तांब्याचा हंडा असे. स्वयंपाकघरातच पाणी तापवायचे असल्यास वैलाचा, म्हणजे मुख्य चुलीतून सुटणाऱ्या आचेवर चालणाऱ्या जोडचुलीचा, उपयोग होई. बंब हा यापुढचा आणि खरोखर बुद्धिमान टप्पा होता. हा शब्द पंपाच्या अर्थाच्या पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला असे मानले जाते, आणि म्हणूनच आग विझवणारे वाहन व पाणी तापवणारे भांडे या दोन्ही परस्परविरुद्ध वस्तूंना मराठीत एकच नाव मिळाले. तांब्याच्या किंवा पितळेच्या उभट पिंपाच्या मध्यातून एक नळी आरपार गेलेली असते. तिच्या तळाशी जाळी असते, तिच्यावर ढलप्या, गोवरीचे तुकडे, करवंट्या किंवा शेंगांची टरफले जळतात, राख खाली पडते आणि तापलेली हवा वर चढताना जाळीखालून ताजी हवा आत ओढून घेते. अशा रीतीने एकच नळी चूलही होते आणि धुराडेही, आणि तिला चहूबाजूंनी पाणी वेढून असल्यामुळे उष्णता फारशी वाया जात नाही. दिवाळीच्या आदल्या दिवसांत हा बंब चिंचेने घासून लख्ख करणे, त्यास हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालणे ही रीत अनेक घरांत होती. अभ्यंगस्नानाची तयारी तेथूनच सुरू होई.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर कऱ्हाड, वाळवा, शिराळा या ऊसपट्ट्यातील गुऱ्हाळांत दिसते. तेथे जमिनीत खोदलेल्या चुलवणावर काहील, म्हणजे रस आटवण्याची मोठी कढई, बसवतात, एका तोंडाने वाळलेले चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, आत सारतात आणि विरुद्ध टोकाचे उंच धुराडे ज्वाळा काहिलीच्या तळाखालून ओढून नेते. धुराडे नीट ओढत नसेल तर चिपाड कोंदटपणे जळते आणि रस आटण्यास वेळ लागतो; म्हणून गुळव्या, म्हणजे गूळ उतरवणारा कसबी कारागीर, काहिलीइतकेच लक्ष जाळावर ठेवतो.

मुंबईत १९५०च्या दशकात घरगुती वापरात आलेला सिलिंडरचा गॅस पुढील दशकांत या जिल्ह्यांच्या शहरांत आणि मग खेड्यांत पोहोचला. त्याच्यामागून, विजेच्या भारनियमनाच्या काळात विशेष सोयीचा ठरलेला, गॅसवरचा गिझर आला. त्याने बंबाची जागा घेतली, पण बंबाचे परसातले स्थान घेतले नाही, आणि या इतिहासातील सर्वांत गंभीर चूक येथे घडली. निळ्या ज्योतीस डोळे चुरचुरवणारा धूर नसल्यामुळे ती निरुपद्रवी वाटली, आणि परसात उभा असलेला जाळ बंद स्नानगृहात भिंतीवर टांगला गेला. वस्तुतः एक किलो गॅस पूर्ण जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटास सहा लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो; म्हणजे पाच फूट बाय सहा फुटांच्या आणि आठ फूट उंचीच्या स्नानगृहात जेवढी हवा मावते तेवढी तो अर्ध्या तासाच्या आसपास वापरून टाकतो. प्राणवायू घटला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला वायू तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २००हून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो, त्यामुळे स्नान करणाऱ्या व्यक्तीची मदतीसाठी हाक मारण्यापूर्वीच शुद्ध हरपू शकते. बंबाचा धूर खोकला आणून माणसास बाहेर काढी. या ज्योतीपाशी तसा इशारा देणारे काही नव्हते.

म्हणूनच गिझर गच्चीत, सज्जात किंवा स्नानगृहाच्या बाहेरील भिंतीवर पावसापासून आडोसा करून बसवावा, सिलिंडरही बाहेरच ठेवावा आणि आत केवळ गरम पाण्याची नळी आणावी, ही पद्धत योग्य ठरते. बाहेर जागाच नसेल तेथे जळालेली हवा नळीने थेट मोकळ्यावर नेणारी रचना आवश्यक असते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो, तर त्याच्या ज्वलनातून निघणारी तप्त हवा वर चढते. त्यामुळे झरोका खालीही लागतो आणि वरही. २०१८ साली नळाद्वारे नैसर्गिक वायू पुरवण्यासाठी सातारा व सांगली मिळून एकच क्षेत्र ठरवण्यात आले. हा वायू हवेपेक्षा हलका असून गळती झाल्यास छताकडे जातो. त्यामुळे जेथे सिलिंडरच्या जागी ही नळी येईल, तेथे भिंतीच्या माथ्याशी असलेला झरोका कायम उघडा राखावा लागेल.