जांभळ्या फुलाचा बॅकअप

हापिसातल्या मशीनवर महिनाभर एका जांभळ्या आयरिसचं चित्र वॉलपेपर म्हणून लावलंय. शेजारच्या क्यूबिकलमधला मित्र म्हणाला, "अरे, सरळ फोटो लाव की!" त्याला उत्तर शोधण्यात माझा अख्खा शनिवार गेला.

तर मंडळी, हे चित्र पिएर-जोसेफ रदुते (१७५९-१८४०) याचं. जन्म आजच्या बेल्जियममधला, कारकीर्द पॅरिसमध्ये. आधी तो राणी मारी आंत्वानेतसाठी फुलं काढायचा. क्रांती झाली, १७९३ साली राणीचा शिरच्छेद झाला, पण याचा ब्रश काही थांबला नाही. पुढे नेपोलियनची बायको जोसेफिन त्याची आश्रयदाती झाली. त्याचं 'ले लिलियासे' १८०२ ते १८१६ या काळात निघालं. ८ खंड, ४८६ चित्रं! नाव लिलीचं असलं तरी आत आयरिससारखी तिची लांबची भावंडंही आहेत.

आता एवढा खटाटोप कशाला? त्या काळी वनस्पतीचा पुरावा म्हणजे दाबून वाळवलेला नमुना. गवत वगैरे छान वाळतं. आयरिसचं फूल पडलं नाजूक आणि पाणीदार. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबणाऱ्या. दाबलं की सगळ्या एकमेकींना चिकटतात आणि जांभळा रंग उतरतो. लोंबत्या पाकळीवरची केसाळ 'दाढी' आयरिसचे प्रकार ओळखायला महत्त्वाची, तीही चपटी होते. थोडक्यात, हे चित्र नुसतं शोभेचं नव्हतं. डेटा होता तो!

छपाईसुद्धा भारी. तांब्याच्या पत्र्यावर बारीक ठिपके कोरायचे (आपले पिक्सेलच की), त्याच एका पत्र्यावर वेगवेगळ्या रंगांची शाई चिंधीच्या बोळ्याने लावायची, छापायचं, शेवटी ब्रशने हात फिरवायचा. पुढच्या प्रतीसाठी शाई लावण्यापासून पुन्हा सुरुवात.

मूळ जलरंगचित्रं जोसेफिनने घेतली होती. ती १८१४ मध्ये गेली, चित्रं वारसांकडे राहिली. १९८५ साली त्यातली ४६८ न्यूयॉर्कला लिलावात निघाली आणि पुढे सुटी सुटी विकली जाऊन पांगली. छापील खंडांत मात्र सगळी फुलं अजून एकत्र आहेत, आणि आता ती नेटवरही बघायला मिळतात.

माझ्या वॉलपेपरवरच्या फुलाचं नाव आयरिस जर्मानिका. लिनियसने १७५३ साली ते जर्मनीवरून ठेवलं. आज अभ्यासक याला जुना संकर मानतात, मूळचा जर्मन नव्हे. नावाची गडबड झाली, पण रदुतेने दाढीचा केसन्‌केस जसा दिसला तसा काढला, म्हणून आजही पडताळून बघता येतं.

असो. वॉलपेपर काही बदलत नाही!