सभेत बोलण्याची तालीम

चार माणसांसमोर उभे राहून आपले म्हणणे परिणामकारक रीतीने मांडण्याची विद्या कचेऱ्यांतून व कारखान्यांतून हल्ली भरणाऱ्या शिक्षणवर्गांबरोबरच आपल्याकडे आली, अशी जी एक समजूत सुशिक्षितांत रूढ होऊ पाहत आहे, ती हरिदासांच्या परंपरेकडे केवळ धर्मदृष्टीने पाहण्याच्या सवयीतून उपजली असावी. कीर्तनाच्या बिदागीवर ज्याचा चरितार्थ चाले, त्याला श्रोता उठून जाणे परवडणारे नव्हते; म्हणून या विद्येचा जितका बारीक विचार त्याने केला तितका आपल्याकडे दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल.

नारदीय कीर्तनाची मांडणीच पाहावी. नमन झाल्यावर पूर्वरंगात एखादे संतवचन घेऊन त्याचे निरूपण करावयाचे, मग नामगजर व बुक्का यांच्या निमित्ताने विराम घ्यावयाचा, आणि उत्तररंगात त्याच सिद्धांताला पोषक असे आख्यान लावावयाचे, हा क्रम यदृच्छेने पडलेला नाही. अमूर्त विचाराने श्रोत्याचे चित्त शिणू लागते न लागते तोच त्याला उसंत मिळते, आणि तो पुन्हा सावरून बसतो तेव्हा तेच तत्त्व हरिश्चंद्राच्या किंवा सुदाम्याच्या रूपाने त्याच्यापुढे उभे राहते. निरूपणाच्या गद्यात साकी, दिंडी, आर्या, कटाव यांची पेरणी असे. (मोरोपंतांच्या आर्या सामान्य जनांच्या ओठी टिकल्या याचे श्रेय पंडितांपेक्षा हरिदासांना अधिक द्यावे, असे माझे मत आहे.)

परंतु खरी तालीम निराळीच होती, आणि ती वारकरी कीर्तनात अधिक स्पष्ट दिसते. तेथे नवशिका प्रथम बोलत नाही. टाळ घेऊन तो कीर्तनकाराच्या मागे उभा राहतो, अभंगाचे चरण उचलतो, आणि मागे उभा असल्यामुळेच कोणत्या दृष्टांताला माना डोलल्या, कोठे जांभई आली, हे त्याला समोरच्या मुद्रांवर प्रत्यही वाचता येते. वक्त्याच्या जागेवरून श्रोता पाहावयाचा, पण बोलण्याचे दडपण मात्र घ्यावयाचे नाही, अशी ही सोय दुसऱ्या कोणत्या शिक्षणक्रमात असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. या परंपरेला पाठशाळेचे रूप जोग महाराजांनी 1917 साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापून दिले; तेथील चार वर्षांच्या क्रमात ज्ञानेश्वरी व गाथा यांचे अध्ययन आहे, म्हणजे बोलण्याआधी बोलण्याजोगे काही पदरी असावे, हा दंडकही आहे.

इंग्रजी अमदानीत दुसरा प्रवाह येऊन मिळाला. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी 1848 साली मुंबईत काढलेल्या सभेच्या मराठी व गुजराती शाखांतून निबंध वाचले जाऊ लागले, आणि 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. विषयांची कक्षा यामुळे विस्तारली, हा लाभ थोर खराच. पण लिहिलेला निबंध वाचून दाखविणारा वक्ता श्रोत्यांकडे पाहीनासा झाला, ही हानीही नाकारता येणार नाही. डॉ. दत्तोपंत पटवर्धनांनी राष्ट्रीय कीर्तनातून देशस्थितीचा विषय पुन्हा जुन्याच साच्यात घातला, हे या दृष्टीने मला अत्यंत शहाणपणाचे वाटते.

आजच्या शिक्षणवर्गांत पहिल्याच दिवशी उमेदवारास पुढे उभे करून त्याच्या हातवाऱ्यांची चिकित्सा आरंभिली जाते. असे वर्ग चालविणाऱ्यांनी एखाद्या सप्ताहात टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहून यावे, आणि मग आपला पाठ्यक्रम पुन्हा लिहावा.