दंडावरचा वण

भंडारा जिल्ह्यातील कोंढा काय किंवा महाराष्ट्रातील अन्य कोणतेही गाव काय, साठी उलटलेल्यांच्या दंडावर देवीच्या टोचणीचे वण आढळतात. त्यामागचा इतिहास आपण सहसा आठवत नाही.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या बालिकेला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिली यशस्वी टोचणी. तिच्या फोडातील लस पुढे पाच जणांना दिली गेली. त्या काळी लस अशी दंडावरून दंडावर जाई. त्यासाठी साधारण आठव्या दिवशी बाळाचा फोड पुन्हा फोडावा लागे. सोवळ्याओवळ्याचा अडसर होताच; परंतु आपले रडते लेकरू लपविणाऱ्या आईला आम्ही अडाणी कसे म्हणावे? पुढे वासरांपासून लस मिळू लागली आणि हे भय सरले.

असे भय केवळ आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेतील आमिश या ख्रिस्ती पंथात लसीला धर्माची बंदी नाही. तरीही अनेक घरांत मुलांना ती दिली जात नाही. १९७९ मध्ये त्यांच्यात पोलिओ पसरला. २०१४ मध्ये ओहायोत गोवराचे ३८३ रुग्ण आढळले, ते बहुतेक आमिशच. वस्तीजवळ मोफत लसीची सोय होताच हजारोंनी ती घेतली.

आपल्या देशातून देवीचा रोग १९७५ साली गेला, तो घरोघर हिंडलेल्या कार्यकर्त्यांमुळे. कायदा हवाच, पण आईचे म्हणणे ऐकून घेणारा माणूसही दाराशी यावा लागतो, असे आम्हास वाटते.