एक पौंड धान्य

उर्दूच्या तासाला ‘हरारा’ हा शब्द आला की मी मुलांना त्याच्या शेजारी मराठीतला ‘उष्मांक’ लिहायला सांगतो. दोन्ही शब्दांच्या पोटात उष्णताच आहे, आणि कॅलरी हा शब्दही लॅटिनमधल्या उष्णतेवरूनच आलेला. आज तो वजन उतरवणाऱ्यांच्या तोंडी असतो. पण माणसाला दिवसाला किती अन्न लागते, हा प्रश्न दख्खनमध्ये एकेकाळी जगण्या-मरण्याचा होता आणि त्याचे उत्तर एका साहेबाने ठरवले होते. ते चुकीचे होते. कुठे चुकले, हे समजून घेण्यासारखे आहे.

१८७६ चा पाऊस गेला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा या भागांत आणि खाली मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची, तलावांची कामे काढली. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेम्पल यांना दुष्काळी भागात पाठवले. हेच टेम्पल १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ मागवून लोकांना जगवत होते. तेव्हा जास्त पैसे उधळले म्हणून त्यांच्यावर टीका झाली. या वेळी त्यांनी ती चूक होऊ दिली नाही. मद्रासमध्ये काम करणाऱ्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, बाई-मुलांना त्याहून कमी, असा दर त्यांनी लावला.

एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. तांदूळ धरला तर सुमारे १६०० उष्मांक. आकडा ऐकायला बरा वाटतो. आता दुसरी बाजू पाहू.

माणूस काहीच करत नसला तरी त्याचे शरीर काम करत असते. हृदय चालते, श्वास चालतो, मेंदू आणि यकृत आपापला वाटा घेतात, अंग गरम ठेवावे लागते. या बसल्या जागेच्या, खरे तर पडल्या जागेच्या खर्चाला विश्रांतीचा चयापचय म्हणतात. बैठे काम करणाऱ्याच्या दिवसाच्या एकूण खर्चात साठ ते सत्तर टक्के हाच असतो. तो मोजायचे एक जुने सूत्र हॅरिस आणि बेनेडिक्ट या दोन अमेरिकी संशोधकांनी १९१९ मध्ये दिले. वजन, उंची आणि वय घालायचे, की आकडा येतो. पन्नास किलोच्या, १६० सेंटिमीटर उंचीच्या, तीस वर्षांच्या पुरुषाचा हिशेब केला तर सुमारे १३५० येतात.

म्हणजे टेम्पल साहेबांच्या तांदळातून शरीराचे भाडे भरल्यावर उरले अडीचशे. तेवढ्यात दिवसभर खडी फोडायची. अशा कष्टाला एकूण खर्च विश्रांतीच्या दुपटीहूनही वर जातो. वरच्या थोड्या पैशांत डाळ-मीठ कितीसे येणार, तेही दुष्काळातल्या भावाने?

हे सूत्र १८७७ मध्ये नव्हते, असे कोणी म्हणेल. सूत्र नव्हते, पण ज्ञान होते. फ्रान्समध्ये लाव्होझिएने १७८० च्या दशकात दाखवले होते की श्वास म्हणजे मंद जळणेच आहे, आणि काम करताना, जेवल्यावर, थंडीत हे जळणे वाढते. १७८९ च्या निबंधात त्याने एक खंतही मांडली होती: अंगमेहनत करणारा गरीब आपले शरीर जास्त जाळतो, आणि ते भरून काढायला त्याच्याचकडे कमी असते. पुढे १८६० च्या दशकात म्युनिकमध्ये पेटनकोफर आणि व्होइट यांनी माणसाला बंद खोलीत ठेवून त्याचा श्वास मोजला. आणि इथेच, मद्रासमध्ये, सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश लेखी सांगत होते की किमान दीड पौंड धान्य आणि सोबत डाळ-भाजी द्या. ऐकले गेले नाही. मजुरीचा दर वाढला तोपर्यंत छावण्यांमध्ये माणसे मरत होती.

मुंबई इलाख्यात मजुरी कापली तेव्हा मजुरांनी कामे सोडली. उपाशी माणसाने संप करणे म्हणजे काय, याचा विचार करा. पण शरीराचा हिशेब त्यांनी बरोबर केला होता. एवढ्यावर खडी फोडण्यापेक्षा न फोडणे परवडते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली, जिल्ह्या-जिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारला पत्रांमागून पत्रे लिहिली. मे महिन्यात टेम्पल मुंबईचे गव्हर्नर झाले.

याच आकड्याची परीक्षा पुढे योगायोगाने झाली. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांना रोज सुमारे १५७० उष्मांक मिळत होते, जवळजवळ टेम्पल साहेबांचा पौंड. खडी फोडायची नव्हती, फक्त चालायचे होते आणि हलकी कामे करायची होती. तरी वजन चतुर्थांशाने घटले आणि विश्रांतीचा खर्च सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला. शरीराने विस्तव मंद केला. नाडी संथ झाली, थंडी वाजू लागली, मन अन्नाखेरीज कशात लागेना.

विस्तव मंद होतो, हे खरे. पण मग तसा मंदावलेला माणूस ‘पुरेसे खातो’ म्हणायचा का? यावर पुण्यातच मोठा वाद झाला. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी २२५० उष्मांक धरून गरिबी मोजली होती. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जागतिक अन्न संघटनेत काम केलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणाले, गरज हा ठाम आकडा नाही. एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर जुळवून घेते, म्हणून सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी धरू नका. दांडेकरांना हे पटले नाही.

सुखात्म्यांचे एक म्हणणे मला पटते: पाणी घाण असेल तर खाल्लेले अंगी लागत नाही, तेव्हा नुसते धान्य वाटून भागणार नाही. पण जुळवून घेण्याच्या मुद्द्यावर मी दांडेकरांच्या बाजूचा. मिनेसोटाच्या तरुणांनीही जुळवून घेतलेच होते. फरक इतकाच, की सहा महिन्यांनी त्यांचे ताट पुन्हा भरले गेले.

१९७९ मध्ये सरकारी गटाने खेड्यात २४०० आणि शहरात २१०० उष्मांक धरून दारिद्र्यरेषा आखली. २००९ च्या तेंडुलकर समितीने रेषेची उष्मांकांशी बांधलेली गाठ सोडली. आता २०२० च्या सरकारी तक्त्यात जड काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला ३४७० उष्मांक लिहिले आहेत, तसेच काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला २७२०. टेम्पल साहेबांच्या दरात बाईचा वाटा पुरुषापेक्षाही कमी होता, आणि खडी तीही फोडत होती.