गळ्यातला ‘एस’

एकापुढे एक ओवलेले इंग्रजी ‘एस’ आणि त्यांची गळ्यात घालायची साखळी. लंडनचे लॉर्ड मेयर आजही समारंभात ती घालतात. हा ‘एस’ कशाचा? कुणी म्हणतं सार्वभौमाचा, कुणी ‘आठवण ठेव’ अशा अर्थाचा फ्रेंच शब्द पुढे करतं. सहाशे वर्षांत निकाल लागलेला नाही. साखळी चलनात आणली कुणी, हे मात्र ठाऊक आहे : जॉन ऑफ गॉन्टने.

इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डचा हा मुलगा 1340 मध्ये घेंट शहरात जन्मला. इंग्रजांच्या जिभेवर घेंटचं गॉन्ट झालं. 1359 मध्ये लँकेस्टर घराण्याच्या ब्लांशशी लग्न झालं आणि पुढे सासरची अफाट जहागीर हाती आली. दुसरी बायको स्पेनमधल्या कॅस्टिलची राजकन्या. तिच्या नावाने त्याने तिथल्या मुकुटावर हक्क सांगितला, फौजही नेली, आणि शेवटी पैसे घेऊन हक्क सोडला.

जहागीर मोठी म्हणजे पदरची माणसंही पुष्कळ. गॉन्ट त्यांच्याशी लेखी करार करी : वर्षाला ठरावीक नेमणूक, बदल्यात युद्धात आणि शांततेत चाकरी. या चाकरीची खूण म्हणजे हीच साखळी, ‘एस’चा पट्टा. आपल्याकडे गळ्यातला पट्टा म्हटलं की कुत्रं आठवतं. तिथे तो मिरवायचा दागिना होता. कुणाचा माणूस, हे विचारावं लागत नसे.

मिरवणं महागातही पडे. 1377 मध्ये लंडनकर गॉन्टवर खवळले, तेव्हा त्याची खूण गळ्यात घालून निघालेल्या एका स्कॉटिश सरदाराला जमावाने घोड्यावरून खाली खेचलं. बाकीच्यांनी खुणा लपवल्या. चार वर्षांनी शेतकऱ्यांच्या बंडात त्याचा सॅव्हॉय राजवाडाच जळाला. मालक स्कॉटलंडच्या सीमेवर वाटाघाटीत होता, म्हणून वाचला.

मग एक विपरीत घडलं. 1389 मध्ये गॉन्ट स्पेनच्या मोहिमेवरून परतला, तेव्हा पुतण्याने, म्हणजे राजा दुसऱ्या रिचर्डने, काकाच्या गळ्यातला पट्टा काढून स्वतःच्या गळ्यात घातला. 1394 च्या पार्लमेंटात अरुंडेलच्या अर्लने तक्रार केली : राजा प्रजेतल्या माणसाची खूण घालतो कशी? प्रेमाने घातली, असं रिचर्डचं उत्तर. हे प्रेम पाच वर्षं टिकलं. फेब्रुवारी 1399 मध्ये गॉन्ट वारला. रिचर्डने जहागीर जप्त केली आणि त्याच वर्षी गॉन्टचा हद्दपार मुलगा हेन्री परतून गादीवर बसला. चाकरांचा पट्टा राजघराण्याचा झाला.

1461 मध्ये यॉर्क हे प्रतिस्पर्धी घराणं गादीवर आलं, त्याने सूर्य-गुलाबांचा हार आणला. पण गॉन्टची प्रेयसी आणि नंतर तिसरी बायको झालेली कॅथरिन स्विनफर्ड हिच्या मुलांचा वंश, ब्यूफर्ट, मागे उरला होता. त्यातूनच ट्यूडर राजे निघाले आणि ‘एस’ परतला. चित्रकार हॉल्बाइनने 1527 मध्ये रंगवलेल्या, ट्यूडर राजाच्या पदरी असलेल्या थॉमस मोरच्या गळ्यात तो दिसतो, ब्यूफर्टांच्या जाळीदार दरवाजाच्या चिन्हासकट. आठ वर्षांनी त्याच राजाने मोरचं डोकं उडवलं.

गॉन्टची कबर 1666 च्या लंडनच्या आगीत सेंट पॉल्सबरोबर गेली. थेम्सपलीकडे साउथवर्कच्या चर्चमध्ये मात्र कवी जॉन गॉवर तीन ग्रंथांची उशी करून निजला आहे. एक मोठं काव्य त्याने आधी रिचर्डला वाहिलं होतं आणि मग अर्पणाचं नाव बदलून हेन्री केलं. 1393 मध्ये हेन्रीने त्याला पट्टा दिला. दगडी गळ्यात तो अजून आहे.