पुरुषांच्या मनगटी घड्याळाचे माप

पुरुषांच्या मनगटी घड्याळाचे माप ही संज्ञा घड्याळाच्या डबीचा व्यास, डबीची उभी लांबी, जाडी आणि पट्ट्याची रुंदी या चार परिमाणांसाठी एकत्रितपणे वापरली जाते. ही परिमाणे घालणाऱ्याच्या मनगटाशी जुळली नाहीत, तर घड्याळ हातावर फिरते, मनगटाच्या हाडावर आपटते, सदऱ्याच्या बाहीत अडकते किंवा चावीचे टोक तळहाताच्या पाठीला टोचते. दुकानात आणि जाहिरातींत सामान्यतः फक्त व्यास सांगितला जातो. प्रत्यक्षात घड्याळ हातावर कसे बसेल हे व्यासापेक्षा उभ्या लांबीवर अधिक अवलंबून असते.

मनगट मोजणे

मनगटाचा घेर मोजण्यासाठी शिंप्याची टेप वापरतात. ती नसल्यास दोरा किंवा कागदाची अरुंद पट्टी मनगटाभोवती गुंडाळून खूण करतात व ती लांबी पट्टीवर मोजतात. मोजण्याची जागा महत्त्वाची आहे. करंगळीच्या बाजूला मनगटावर एक हाड वर आलेले असते. घड्याळ या हाडाच्या कोपराकडील बाजूस बसते, म्हणून घेरही तेथेच घ्यावा लागतो. हाडावरूनच टेप नेल्यास माप मोठे येते आणि पट्टा सैल निघतो. उन्हाळ्यात व श्रमानंतर हात किंचित सुजतो, तर थंडीत आकसतो. त्यामुळे एकदा सकाळी व एकदा संध्याकाळी माप घेऊन दोहोंच्या मधला आकडा धरणे योग्य ठरते.

घेराइतकीच मनगटाची रुंदी मोजणे आवश्यक असते. मनगटाचा छेद वर्तुळाकार नसून लंबगोल असतो. १६५ मिलिमीटर घेराचे मनगट चपटे असेल, तर त्याची रुंदी सुमारे ६० आणि जाडी ४४ मिलिमीटर असू शकते; तेच मनगट गोलसर असेल, तर रुंदी सुमारे ५५ आणि जाडी ५० मिलिमीटर भरते. घेर एकच असूनही पहिल्या मनगटावर जे घड्याळ सहज मावते, तेच दुसऱ्यावर कडेला लोंबकळू लागते. केवळ घेरावरून घड्याळाचा व्यास सांगणारी कोष्टके यामुळेच अनेकदा चुकतात.

तरीही पहिला अंदाज म्हणून अशी कोष्टके उपयोगी पडतात. सर्वसाधारण संकेत असा की, १४ ते १६ सेंटिमीटर घेराच्या मनगटाला ३४ ते ३८ मिलिमीटर, १६ ते १८ सेंटिमीटरला ३८ ते ४२ मिलिमीटर आणि त्याहून जाड मनगटाला ४२ मिलिमीटर किंवा अधिक व्यासाचे घड्याळ शोभते. हा नियम नव्हे. निवड सुरू कोठून करावी एवढेच त्यातून कळते.

डबीची परिमाणे

व्यास मोजताना चावीचा भाग धरत नाहीत. डबीच्या वर व खाली पट्टा धरून ठेवणारी चार टोके पुढे आलेली असतात. बाजारात त्यांना ‘लग’ म्हणतात. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे घड्याळाची उभी लांबी. ही लांबी मनगटाच्या वरच्या सपाट भागापेक्षा अधिक असता कामा नये, हा सर्व मापांमधील सर्वांत विश्वासार्ह निकष मानला जातो. टोके मनगटाबाहेर गेली की पट्टा त्वचेला न बिलगता हवेत सरळ खाली उतरतो आणि घड्याळ हातावर ठेवलेल्या बशीसारखे दिसते. ४० मिलिमीटर व्यासाच्या दोन घड्याळांपैकी एकाची उभी लांबी ४६ आणि दुसऱ्याची ५१ मिलिमीटर असू शकते. टोके खाली वळलेली असल्यास लांब घड्याळही मनगटाला धरून बसते. टोके सरळ असल्यास तसे होत नाही.

चौकोनी घड्याळाबाबत फसगत हमखास होते. ३८ मिलिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण जवळजवळ ५४ मिलिमीटर भरतो. त्यामुळे तेवढ्याच आकड्याच्या गोल घड्याळापेक्षा ते बरेच मोठे भासते. तबकडीचा रंगही दृष्टीवर परिणाम करतो. पांढरी तबकडी आणि अरुंद कड असलेले घड्याळ मोठे, तर काळी तबकडी आणि रुंद कड असलेले घड्याळ लहान वाटते.

जाडीचा विचार बहुधा शेवटी होतो. पूर्ण बाहीचा सदरा नेहमी घालणाऱ्याने तो आधी करावा. दहा मिलिमीटरपर्यंत जाडीचे घड्याळ बाहीखाली सहसा सरकते. सेलवर चालणाऱ्या घड्याळांत ही जाडी बरीच कमी करता येते. टायटन कंपनीने २००२ साली बाजारात आणलेले ‘एज’ हे घड्याळ केवळ ३.५ मिलिमीटर जाडीचे होते. स्वयंचलित यंत्रणेत फिरणारे वजन बसवावे लागत असल्याने अशी घड्याळे तुलनेने जाड असतात. जाड व जड घड्याळ बारीक मनगटावर एका बाजूला कलंडते, मग त्याचा व्यास योग्य असला तरी उपयोग होत नाही.

घड्याळ प्रत्यक्ष न पाहता मागवायचे असल्यास जाड पुठ्ठ्यावर दिलेल्या व्यासाचे वर्तुळ काढून, त्याला उभ्या लांबीइतकी टोके जोडून, ते कापून मनगटावर ठेवून पाहता येते. छायाचित्र जवळून घेतलेले असल्यास घड्याळ असते त्याहून मोठे दिसते, म्हणून छायाचित्रापेक्षा पुठ्ठा अधिक खरे सांगतो. आकाराची कल्पना येण्यासाठी दहा रुपयांचे नाणे हेही चांगले साधन आहे. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो.

बदलत गेलेले माप

पुरुषांचे घड्याळ पूर्वी खिशात असे. पहिल्या महायुद्धात खंदकातील सैनिकांना दोन्ही हात मोकळे ठेवून वेळ पाहण्याची गरज भासली, तेव्हा लहान खिशातील घड्याळांना तारेच्या कड्या जोडून ती मनगटावर बांधली जाऊ लागली. त्यानंतरच्या काही दशकांत पुरुषांच्या घड्याळाचे माप साधारणतः ३० ते ३६ मिलिमीटर राहिले. रोलेक्सने १९४५ साली आणलेले ‘डेटजस्ट’ हे ३६ मिलिमीटरचे घड्याळ त्या काळी मोठे समजले जाई.

मुंबईत स्विस घड्याळांचा व्यापार एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. ‘फेवर लुबा’ या कंपनीने १८६५ पासून मुंबईशी व्यापारी संबंध जोडले होते आणि स्वातंत्र्योत्तर काळातही महाराष्ट्रातील सुस्थितीतील घरांत तिची घड्याळे आढळत. सामान्य माणसाच्या हातावर घड्याळ पोहोचवले ते मात्र हिंदुस्थान मशीन टूल्स अर्थात एचएमटीने. या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बेंगळुरू येथे घड्याळांचा कारखाना सुरू केला. तिचे ‘जनता’ व ‘पायलट’ हे चावीचे नमुने सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचे होते. शिक्षक, तलाठी, रेल्वे कर्मचारी, गिरणी कामगार अशा सर्वांच्या मनगटावर जवळजवळ एकच माप असे. निवड करायची ती तबकडीच्या रंगाची. माप निवडण्याचा प्रश्नच त्या पिढीपुढे उभा राहिला नाही.

१९९० नंतर, विशेषतः एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, ४४ ते ४७ मिलिमीटरच्या घड्याळांची लाट जगभर आली. अलीकडे ती ओसरत आहे. रोलेक्सने आपले ‘एक्सप्लोरर’ हे घड्याळ २०१० साली ३६ वरून ३९ मिलिमीटरपर्यंत वाढवले आणि २०२१ साली पुन्हा ३६ वर आणले. म्हणजे जे माप दोन दशके ‘बायकी’ म्हणून हिणवले गेले, तेच पुन्हा प्रतिष्ठेचे ठरले. हाताचा आकार या काळात बदललेला नाही.

लग्नातील घड्याळ

महाराष्ट्रातील अनेक समाजांत वराला मुलीकडून घड्याळ देण्याची रीत होती. सायकल, रेडिओ आणि घड्याळ ही त्रयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मागण्यांमध्ये नेहमी असे. हुंडा प्रतिबंधक अधिनियम १ जुलै १९६१ रोजी अमलात आला. एचएमटीच्या घड्याळ कारखान्याचेही तेच वर्ष. पुढे १९८५ च्या नियमांनी वधूवरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवणे आवश्यक केले. मागणी करून घेतलेले घड्याळ हे भेट ठरत नाही, ही गोष्ट आजही लग्नघरांत सोयीने विसरली जाते.

मापाच्या दृष्टीने या रीतीचा एक परिणाम असा की, घड्याळ घेणाऱ्याने वराचे मनगट मोजलेले नसे. अंगठीचे माप आवर्जून विचारले जाई, घड्याळाचे नाही. आता बाजारात ३४ पासून ४८ मिलिमीटरपर्यंत मापे असल्याने न विचारता घेतलेली महाग भेट कपाटात पडून राहण्याची शक्यता बरीच वाढली आहे. घेर आणि रुंदी असे दोन आकडे विचारून घेतल्यास हे टळते.

मावळ व लोणावळा परिसर

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात घड्याळाची निवड करताना हवामान आणि काम या दोन गोष्टी मापाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या महिन्यांत कोसळतो. या दिवसांत चामड्याचा पट्टा वाळत नाही. त्याला बुरशी लागते, वास येतो आणि तो ताणून सैल होतो. पावसाळ्यापुरता रबरी, सिलिकॉनचा किंवा नायलॉनचा पट्टा लावण्याची सवय येथे उपयुक्त ठरते. रबर ओल्या त्वचेवर चिकटून बसत असल्याने पट्टा चामड्याच्या पट्ट्यापेक्षा एक छिद्र सैल ठेवावा लागतो.

घड्याळाच्या पाठीवर कोरलेल्या ‘३० मीटर’ या शब्दांचा अर्थ तीस मीटर खोल पाण्यात घड्याळ चालेल असा होत नाही. ती प्रयोगशाळेतील स्थिर दाबाची खूण आहे. अशा घड्याळाला हात धुताना उडणारे थेंब सोसतात, भुशी धरणाच्या पायऱ्यांवरील प्रवाह सोसतीलच असे नाही. काचेखाली धुके धरलेले दिसल्यास घड्याळ उन्हात न ठेवता लवकर घड्याळजीकडे नेणे इष्ट, कारण आतील पोलादी भागांना गंज लागण्यास फार दिवस लागत नाहीत. चिखलात उभे राहून भाताची लावणी करणाऱ्यांच्या बाबतीत पाण्याबरोबर गाळही चावीच्या फटीत शिरतो. इंद्रायणी तांदळासाठी प्रसिद्ध असलेल्या या तालुक्यात लावणीच्या दिवसांत हलके, प्लास्टिकच्या डबीचे अंकीय घड्याळ अनेकांना सोयीचे वाटते. कॅसिओचे १९८९ पासून बनणारे ‘एफ-९१डब्ल्यू’ हे या प्रकारातील सर्वाधिक परिचित घड्याळ. त्याचे वजन सुमारे २१ ग्रॅम असून बारीक मनगटालाही ते मोठे होत नाही.

लोहगड, विसापूर, राजमाची या किल्ल्यांवर चढताना खडकावर तळहात टेकून शरीर वर उचलावे लागते. या वेळी मनगट पूर्ण मागे वाकते आणि मोठ्या घड्याळाची चावी हाताच्या पाठीत रुतते. दुकानात घड्याळ घालून पाहताना टेबलावर तळहात टेकून मनगट असेच वाकवून पाहिले, तर हा दोष तेथेच कळतो. फिरत्या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी घड्याळ काढून ठेवणे हाच सुरक्षित मार्ग आहे. सैल चेन लेथच्या फिरत्या भागात अडकली, तर घड्याळाबरोबर हातही ओढला जातो; येथे योग्य माप असे काही नसते.

पट्टा

पट्ट्याची रुंदी साधारणतः डबीच्या व्यासाच्या निम्मी असते. ३६ मिलिमीटरच्या घड्याळाला १८, ४० ला २० आणि ४४ ला २२ मिलिमीटरचा पट्टा येतो. चामड्याच्या तयार पट्ट्याचा लांब भाग ११५ ते १२० आणि बक्कलचा भाग ७५ ते ८० मिलिमीटर असतो. पंधरा सेंटिमीटरच्या मनगटावर हा लांब भाग फार पुढे जातो. अशा वेळी घड्याळजीकडून जादा छिद्र पाडून घेण्यापेक्षा आखूड पट्टा मागणे बरे. मधल्या छिद्रात बक्कल बसले, तर ते मनगटाच्या खालच्या बाजूस बरोबर मध्ये येते. घट्टपणा तपासण्यासाठी पट्ट्याखाली करंगळी सरकते का ते पाहतात.

धातूच्या चेनच्या कड्या काढताना त्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढाव्या लागतात, अन्यथा लॉक एका कडेला सरकते. काढलेल्या कड्या दुकानदाराकडून मागून घेऊन डबीत जपून ठेवणे अगत्याचे असते. वय वाढल्यावर किंवा आजारपणानंतर मनगट बदलते आणि जुन्या नमुन्याच्या सुट्या कड्या पुढे मिळत नाहीत. काहींच्या त्वचेला स्वस्त धातूतील निकेलमुळे खाज सुटते. त्यांना कापडी पट्टा सोयीचा. त्याच हातात कडे घालणाऱ्यांच्या घड्याळाची काच आणि कड लवकर चरे पडून खराब होते.

वडिलार्जित घड्याळे

केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. त्यानंतर जुन्या एचएमटी घड्याळांना मागणी वाढली आणि बाजारात रंगवलेल्या तबकड्या व जुळवलेले सुटे भाग बसवलेली घड्याळे मोठ्या प्रमाणावर दिसू लागली. घरातच वडिलांचे किंवा आजोबांचे घड्याळ असल्यास ते ‘लहान दिसते’ म्हणून बाजूला टाकण्याआधी पट्टा बदलून पाहावा. वाळलेल्या, अरुंद पट्ट्यामुळे ३५ मिलिमीटरचे घड्याळ असते त्याहून लहान भासते. डबीच्या रुंदीचा, कडेला जाडसर असलेला नवा पट्टा लावल्यास सतरा सेंटिमीटरच्या मनगटावरही ते शोभते. तबकडी मात्र पुन्हा रंगवून घेऊ नये. पिवळी पडलेली मूळ तबकडी संग्राहकांना आणि बहुधा घरच्यांनाही अधिक प्रिय असते. या घड्याळांना रोज ठरावीक वेळी चावी द्यावी लागते व ती घट्ट लागताच थांबावे लागते.

स्मार्टवॉच

स्मार्टवॉचचे माप वेगळ्या रीतीने सांगितले जाते. ॲपल वॉच २०१५ साली ३८ व ४२ मिलिमीटर अशा दोन मापांत आले. हे आकडे व्यासाचे नसून डबीच्या उंचीचे होते. अशा घड्याळांना बाहेर आलेली टोके बहुधा नसतात, त्यामुळे आकडा मोठा असूनही ती मनगटावर मावतात. हृदयाचे ठोके मोजणारा प्रकाशसंवेदक त्वचेला सतत टेकलेला असावा लागतो. घड्याळ मोठे होऊन हाडावर सरकले किंवा त्याखालून उजेड शिरला, तर नोंदी चुकतात. हृदयविकाराच्या रुग्णाने किंवा त्याच्या मुलांनी असे घड्याळ घेताना पडद्याच्या आकारापेक्षा त्याची पाठ मनगटावर सपाट बसते की नाही हे आधी पाहावे लागते; वृद्धांच्या बारीक मनगटावर मोठ्या मापाचे घड्याळ बहुधा तसे बसत नाही.